खदानीची माती नाल्यात येते, तक्रार नक्की कुठे करायची?

तुम्ही विचारलंय की गावाजवळच्या कोळसा खदानीच्या ढिगाऱ्याची माती पावसात नाल्यात उतरते, एक ऑफिस दुसरीकडे पाठवतं, दुसरं तिसरीकडे, मग जबाबदार कोण. मी चंद्रपूर जिल्ह्यातला, आमचं वावर एका ओपनकास्टला (वरून उघडी खणलेली खदान) लागून आहे आणि तीन पावसाळे मी याच्याच मागे होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जबाबदार एकच ऑफिस नाही, कामं वाटलेली आहेत. धूळ, काळं पाणी, नाल्यातली माती हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, खदान त्यांच्या संमतीपत्रावर चालते, चंद्रपूरला त्यांचं प्रादेशिक ऑफिस आहे. पर्यावरण मंजुरी केंद्राची असेल तर तिच्या अटी तपासणारं मंत्रालयाचं ऑफिस नागपूरला. ढिगारा घसरून माणसं दबायची भीती असेल तर डीजीएमएस, म्हणजे केंद्राचं खाण सुरक्षा महासंचालनालय. आणि कोळसा संपल्यावर जमीन परत नीट करायची, तो भाग कोल कंट्रोलरकडे, हे केंद्राच्या कोळसा मंत्रालयाचं ऑफिस.

नियम कमी आहेत असं अजिबात नाही. मंजुरीचं पत्र वाचा, वरची सुपीक माती वेगळी ठेवा, ढिगाऱ्याच्या पायथ्याशी भिंत बांधा, भोवती गारलँड ड्रेन (पाणी अडवणारी चर) खणा, पाणी सेटलिंग टँकमध्ये गाळ बसेपर्यंत थांबवून मगच नाल्यात सोडा, झाडं लावा, सगळं लिहिलेलं असतं. अडचण ही की हे पाळलं का ते दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, कंपनीच लिहून देते. आमच्या खदानीच्या रिपोर्टात ड्रेन पूर्ण झाली असं होतं आणि आमच्या धुऱ्याच्या बाजूला ती खणलेलीच नव्हती, पहिल्या मोठ्या पावसात गुडघ्याएवढी पांढरी माती पऱ्हाटीत येऊन बसली. ते वर्ष गेलंच.

पहिल्या दोन तक्रारी मी "माती येते, पीक गेलं" अशा लिहिल्या, दोन्हीला उत्तर आलं की अटींचे पालन होत आहे. तिसऱ्या वेळी माहिती अधिकारात मंजुरीपत्र आणि सहामाही रिपोर्ट दोन्ही काढले (मंजुरीपत्राची प्रत ग्रामपंचायतीलाही द्यावी लागते आणि ती ३० दिवस फलकावर लावायची असते, आधी तिथे विचारा), आणि अमुक नंबरची अट, रिपोर्टात असं लिहिलंय, जागेवर असं आहे, हा तारखेचा फोटो, असं एकेक करून लिहिलं. तेव्हा संयुक्त पाहणी लागली. पाहणी पावसाळ्यातच मागा, उन्हाळ्यात कोरडी ड्रेन बघून काहीच कळत नाही, आणि पंचनाम्यावर गावातल्या दोघांची सही झाल्याशिवाय गाडी जाऊ देऊ नका. पिकाच्या नुकसानीचा तलाठ्याचा पंचनामा वेगळा करून घ्या, आम्ही ते पहिल्या वर्षी केलं नाही आणि तिथेच अडकलो.

दंडावर फार भिस्त ठेवू नका. पर्यावरण संरक्षण कायद्यात आधी ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड होता, १ एप्रिल २०२४ पासून बहुतेक उल्लंघनांना कैद नाही, १० हजार ते १५ लाख दंड आहे. एवढ्या मोठ्या खदानीला १५ लाख म्हणजे काय हो, माझ्या मते हे चुकलंच. खरी धास्ती असते प्रदूषण मंडळाकडे ठेवलेली बँक गॅरंटी जप्त व्हायची आणि जल कायद्याच्या ३३अ खाली काम बंद करायच्या आदेशाची, म्हणून अर्जात तेच मागा.

अजून एक गोष्ट जी आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हती. २००९ पासून प्रत्येक कोळसा खदानीला बंद करण्याचा प्लॅन आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात (कंपनीला परस्पर काढता येत नाहीत असं राखीव खातं) पैसे ठेवावे लागतात, तेव्हाचा दर ओपनकास्टला हेक्टरी ६ लाख. २०१३ च्या नियमांत दर पाच वर्षांनी झालेलं काम तपासून त्यातले ८० टक्क्यांपर्यंत कंपनीला परत मिळू शकत होते. म्हणजे त्या वेळी कंपनीला काम केल्याचा कागद पाहिजेच असतो. तुमच्या खदानीची ती तपासणी कधी आहे ते माहिती अधिकारात विचारा आणि त्याआधी ग्रामसभेचा ठराव फोटोंसकट कोल कंट्रोलरला पाठवा की खड्ड्याची भराई झाली नाही, झाडं जगली नाहीत. आमच्याकडे ठराव गेल्यावर तीन महिन्यात पोकलेन आलं आणि आमच्या बाजूची ड्रेन खणली गेली. भिंत अजून अर्धीच आहे, पाठपुरावा चालू आहे.

एवढ्यानेही नाही झालं तर हरित लवादाचं खंडपीठ पुण्याला आहे. भरपाई मागायची नसेल तर फी १ हजार रुपये, पण मुदत प्रकार पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिन्यांचीच, भरपाईला मात्र ५ वर्षं. तुमच्याकडे माती या जुलैत आली असेल तर तारीख आजच कुठेतरी लिहून ठेवा.