जुन्या गाडीला ओव्हरड्राइव्हचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे १९६५ ची शेव्हरोले इम्पाला आहे. इंजिन २८३ घनइंचांचं व्ही८, गिअरबॉक्स दोन गिअरचा पॉवरग्लाइड. शहरात कुरकुर नाही, पण एक्सप्रेसवेवर ताशी १०० च्या वेगात इंजिनचा आवाज असह्य होतो. ७००आर४ बसवावा की २००-४आर (दोन्ही जनरल मोटर्सचे चार गिअरचे ऑटोमॅटिक, चौथा गिअर ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे १.०० पेक्षा कमी गुणोत्तराचा)? आणि गाडीत नक्की काय काय बदलावं लागेल? – एक वाचक, औंध

उत्तर : गिअरबॉक्सची चौकशी करण्याआधी मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर मोजा, कारण सगळा हिशेब त्यावर उभा आहे. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा दांडा) किती फेरे झाले ते मोजा. तो आकडा म्हणजेच तुमचं गुणोत्तर. साधं डिफरन्शियल असेल तरच ही पद्धत चालते. मग टायरवर खडूची खूण करून, गाडीत माणसं बसवून, चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती मीटर पुढे जाते ते टेपने मोजा.

समजा गुणोत्तर ३.३६ निघालं आणि टायरचा व्यास २६ इंच, म्हणजे घेर सुमारे २.०७ मीटर आहे. ताशी १०० ला चाक मिनिटाला साधारण ८०५ फेरे घेतं. पॉवरग्लाइडचा वरचा गिअर १.०० आहे, म्हणून इंजिन २,७०० च्या पुढे, आणि कन्व्हर्टरची (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) घसर धरली तर त्याहूनही थोडं वर. ७००आर४ चा चौथा गिअर ०.७० आहे आणि त्यात कन्व्हर्टर लॉक होऊन घसर थांबते, म्हणजे इंजिन जेमतेम १,९०० वर येतं. हाच फरक तुम्हाला हवा आहे. अ‍ॅक्सल ३.०८ असेल तर मात्र हाच आकडा १,७५० च्या आत जातो. तिथे २८३ सारखं लहान इंजिन थोड्याशा चढावरही दमतं आणि गिअरबॉक्स सारखा चौथ्यावरून खाली उतरतो.

फायदा वरच्या गिअरपुरता नाही. पॉवरग्लाइडचा पहिला गिअर १.७६ किंवा १.८२ असतो, ७००आर४ चा ३.०६. सिग्नलवरून सुटताना, कात्रजच्या चढावर, तुम्हाला गाडी वेगळीच वाटेल. मात्र पहिल्यावरून दुसऱ्याची उडीही मोठी आहे, ३.०६ वरून थेट १.६३. २००-४आर चे आकडे २.७४, १.५७, १.०० आणि ०.६७, त्यातल्या उड्या जरा मऊ आहेत.

निवड मापांवर ठरवा. ७००आर४ पॉवरग्लाइडपेक्षा सुमारे ३ इंच लांब आहे, म्हणून प्रोपेलर शाफ्ट तेवढा कापावा लागतो. त्याचं मागचं माउंटिंग फक्त २ इंच मागे सरकतं. २००-४आर ची लांबी जवळपास पॉवरग्लाइडइतकीच असल्याने शाफ्ट तसाच राहतो, पण माउंटिंग ६ ते ६.५ इंच मागे जातं आणि क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा भाग) तिथपर्यंत न्यावा लागतो. दोन्हींचा मागचा योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये जाणारं टोक) पॉवरग्लाइडसारखाच २७ स्प्लाइनचा, म्हणजे २७ खाचांचा आहे. माझं मत ७००आर४ च्या बाजूचं आहे, कारण तो जास्त संख्येने बनला आणि त्याची दुरुस्ती किट, क्लच, बँड, सोलेनॉइड मागवणं सोपं जातं. हा गिअरबॉक्स १९८२ च्या मॉडेलपासून आला. सुरुवातीचे इनपुट शाफ्ट २७ स्प्लाइनचे होते, १९८५ पासून ३० स्प्लाइनचे. जुना टाळा, १९८७ नंतरचा बघा. १९९० मध्ये त्याचंच नाव ४एल६० झालं. ४एल६०ई मात्र घेऊ नका, तो इलेक्ट्रॉनिक आहे आणि वेगळ्या कंट्रोलरशिवाय चालत नाही. कन्व्हर्टर नेहमी त्याच स्प्लाइनचा, लॉकअपचा, गिअरबॉक्ससोबतच मागवा.

फ्लेक्सप्लेट (क्रँकला कन्व्हर्टर जोडणारी दातेरी प्लेट) तुमची जुनी वापरता येते, पण १९८६ नंतरच्या इंजिनाची कोणी देऊ केली तर घेऊ नका. त्या इंजिनांचं मागचं क्रँक सील एकसंध असल्यामुळे बोल्टचं वर्तुळ वेगळं आहे आणि प्लेटला वजनही लावलेलं असतं. प्लेटवर कन्व्हर्टरची भोकं जुळतात का, स्टार्टरचे दात १५३ आहेत की १६८, हे गिअरबॉक्स वर चढवण्याआधी टेबलावरच पाहा. क्रँकला प्लेटचे बोल्ट ६० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ८१ न्यूटन-मीटर, आणि बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सचा इंजिनाला टेकणारा पुढचा भाग) ३५ फूट-पाउंड, सुमारे ४७.

पुढच्या टप्प्यातल्या चुकीने गिअरबॉक्सचे तेलपंप सर्वांत जास्त फुटतात. कन्व्हर्टरमध्ये आधी साधारण १ लिटर तेल ओता. मग तो फिरवत फिरवत आत ढकला, तो टप्प्याटप्प्याने तीनदा आत बसल्याचं हाताला कळलं पाहिजे. बेलहाउसिंग इंजिनाला पूर्ण टेकून बोल्ट लागल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरायला हवा आणि प्लेटपर्यंत यायला त्याला ३ ते ५ मिलीमीटर पुढे ओढावं लागायला हवं. ही फट नसेल तर कन्व्हर्टर पंपाच्या गिअरमध्ये बसलेला नाही. बोल्ट आवळून बेलहाउसिंग जवळ ओढू नका, पंप तिथेच तुटतो आणि इंजिन सुरू झाल्यावरच कळतं.

शाफ्ट कापायचं माप गाडी चाकांवर उभी असताना घ्या, लिफ्टवर अ‍ॅक्सल लोंबकळत असताना नव्हे. योक पूर्ण आत ढकलून मग १९ ते २५ मिलीमीटर बाहेर ओढा आणि त्या स्थितीत लांबी ठरवा. कापाकापी आणि बॅलन्सिंग एकाच ठिकाणी करून घ्या. भोसरी एमआयडीसीत अशी कामं होतात. शाफ्टचे दोन्ही क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) नवे टाका. १९५८ ते १९६४ च्या इम्पालावाल्यांनी इथे थांबून विचार करावा. त्यांची चासी एक्स आकाराची, शाफ्ट दोन तुकड्यांचा आणि मध्ये बेअरिंग, त्यामुळे गिअरबॉक्सला जागा फार अपुरी पडते. तुमच्या १९६५ च्या चासीत ती अडचण नाही.

आता टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल. ७००आर४ ला अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे हे याच केबलमधून कळतं आणि त्यावर आतल्या तेलाचा दाब ठरतो. केबल सैल असेल तर दाब कमी राहतो, क्लच घसरतात आणि नवा गिअरबॉक्स काही शे किलोमीटरांत जळतो. म्हणून फक्त केबल जोडून भागत नाही, तिची भूमिती बरोबर हवी. कार्बोरेटरवर केबलची पिन थ्रॉटल शाफ्टच्या मध्यापासून सुमारे २८ मिलीमीटरवर हवी. जुन्या रोचेस्टर किंवा हॉली कार्बोरेटरच्या लिव्हरवर हे अंतर सहसा जुळत नाही, त्यासाठी करेक्शन ब्रॅकेट मिळतो, तो नक्की घ्या. घरी भोक पाडून जुगाड करू नका. जोडणी झाल्यावर केबलच्या डोक्यावरचं बटण दाबून स्लायडर मागे ढकला, बटण सोडा, आणि इंजिन बंद असताना कार्बोरेटरवरून थ्रॉटल हाताने पूर्ण उघडा. केबल स्वतःच योग्य जागी येते. फुल थ्रॉटलला केबल पूर्ण ओढली गेली पाहिजे, आणि आयडलला ती लोंबकळता कामा नये. मग डाव्या बाजूच्या प्रेशर पोर्टला ३०० पीएसआयचा गेज लावून पाहा : आयडलवरून थ्रॉटल किंचित उघडताच काटा वर सरकला पाहिजे. तो जागीच राहिला तर गाडी बाहेर काढू नका.

लॉकअपसाठी कंपनीच्या संगणकाची गरज नाही. इग्निशनवरून १० अँपिअरच्या फ्यूजमधून १२ व्होल्ट, ब्रेकच्या पेडलवरचा स्विच, आणि आत चौथ्या गिअरचा प्रेशर स्विच, एवढ्यावर तो चालतो. इथे एक गफलत वारंवार होते. जुन्या गाडीचा ब्रेक लाइटचा स्विच पाय दाबल्यावर सर्किट जोडतो, तुम्हाला हवा तो उलटा, पाय दाबल्यावर तोडणारा. तो न लावल्यास सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडू शकतं. व्हॅक्युम स्विचही घाला, म्हणजे चढावर जोर लागला की लॉकअप सुटेल.

पॉवरग्लाइड काढल्यावर त्याच्या मॉड्युलेटरची व्हॅक्युम नळी मॅनिफोल्डवर घट्ट बंद करा, नाहीतर आयडल खालीवर होत राहील आणि तुम्ही कार्बोरेटर उगाच उघडाल. कॉलमवरच्या गिअर लिव्हरला आता सात जागा लागतात, म्हणून डिटेंट (लिव्हरच्या जागा ठरवणाऱ्या खाचांचा भाग) बदलावा लागेल. न्यूट्रल सेफ्टी स्विचही नव्याने जुळवा. स्पीडोमीटरची केबल बसते, पण गिअर तुमच्या टायर व अ‍ॅक्सलला योग्य असा निवडा.

तेल डेक्स्ट्रॉन ३ दर्जाचं. नवा कन्व्हर्टर धरून एकूण साधारण ११ लिटर बसतं. आधी ५ लिटर ओता, इंजिन सुरू करा आणि लगेच हळूहळू भर घाला. सगळे गिअर फिरवून, इंजिन गरम असताना, आयडलवर, पार्कमध्ये डिपस्टिक पाहा. कूलर वेगळा हवाच. एप्रिलमध्ये खंडाळ्याच्या घाटात ट्रकांच्या मागे अडकल्यावर रेडिएटरमधला छोटा कूलर पुरत नाही. रेडिएटरच्या पुढे, पंख्याच्या झोतात लावा. घाट चढताना आणि उतरताना लिव्हर ओव्हरड्राइव्हवर न ठेवता ‘डी’ किंवा ‘२’ वर ठेवा. चढताना गिअर सारखे बदलत नाहीत आणि तेल कमी तापतं, उतरताना इंजिनचा ब्रेक मिळतो.

प्रश्न : १९६६ च्या मस्टँगला, २८९ इंजिन आणि सी४ (फोर्डचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असलेल्या, एओडी (फोर्डचा चार गिअरचा, ओव्हरड्राइव्हचा ऑटोमॅटिक) बसवता येईल का? अ‍ॅक्सल ३.०० आहे. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : बसतो, पण या अ‍ॅक्सलवर मी बसवा म्हणणार नाही. २५ इंची टायरवर ताशी १०० ला आता तुमचं इंजिन सुमारे २,५०० वर आहे, ते तसं सुसह्य आहे. एओडीचा चौथा गिअर ०.६७, म्हणजे इंजिन १,७०० च्या खाली जाईल आणि गाडी मरगळेल. आधी अ‍ॅक्सल ३.५५ करा, मग तोच आकडा २,००० च्या आसपास येईल आणि शहरातला पिकअपही सुधारेल. दोन्ही खर्च एकत्र परवडत असतील तरच पुढे जा.

घेतलात तर फ्लेक्सप्लेटकडे लक्ष द्या. २८९ ला २८ औंसाच्या असंतुलनाची प्लेट लागते. एओडीसोबत बहुतेक वेळा नंतरच्या ५.० लिटर इंजिनाची ५० औंसाची येते, ती लावली तर इंजिन थरथरेल आणि बेअरिंग खाईल. एओडीला लॉकअपची वायर नाही, कारण चौथ्या गिअरमध्ये इंजिनाची ताकद वेगळ्या शाफ्टने कन्व्हर्टरला वगळून थेट जाते. टीव्हीची जोडणी मात्र इथेही तितकीच महत्त्वाची आहे.

प्रश्न : ७००आर४ बसवून घेतला आहे. तिसऱ्या गिअरला पाय जोरात दिला की इंजिन फिरतं, गाडी पळत नाही. तेलाला करपल्याचा वास येतो. – एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : गाडी आजच थांबवा. तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच जळला आहे, आणि जवळजवळ नेहमी कारण सैल टीव्ही केबल असते. तेल बदलून किंवा केबल आता आवळून तो परत येत नाही. पॅन उघडा, तळाशी काळा चुरा दिसेल. गिअरबॉक्स उघडून क्लच बदलताना कन्व्हर्टरही बदला, कूलर आणि त्याच्या नळ्या पूर्ण धुऊन घ्या. हे टाळलं तर तोच चुरा नव्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतो. बसवणाऱ्याकडून गेजवर दाब वाढताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

प्रश्न : गिअरबॉक्स बदलल्यावर आरटीओची अडचण येईल का? – एक वाचक, निगडी

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाहनातल्या फेरबदलांवर बंधन घालतं, म्हणून काम सुरू करण्याआधी पुणे आरटीओत लेखी विचारणा करा आणि विमा कंपनीलाही कळवा. ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर २०२१ चे नियम वाचा. त्यात चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये फेरबदल झालेली गाडी बसत नाही. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठीही रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून चासीला कापू किंवा वेल्ड करू नका. क्रॉसमेंबर बोल्टने बसणारा घ्या, टनेल ठोकून वाकवू नका, आणि मूळ गिअरबॉक्स, क्रॉसमेंबर, प्रोपेलर शाफ्ट तिन्ही तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जपून ठेवा. त्यासाठी इम्पालासारख्या गाडीला मूळ शाफ्ट न कापता दुसरा शाफ्ट बनवून घ्या.