वयाच्या २६व्या वर्षी खासदार झालेल्या भावना गवळी यांची कारकीर्द वडिलांच्या नावावर उभी राहिली की स्वतःच्या बळावर?

मी वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता नाही. मतदार म्हणून जे पाहिले, त्यावरून हे उत्तर लिहीत आहे.

सुरुवात वडिलांच्या नावावर झाली, यात वाद नाही. पुंडलिकराव गवळी १९९६ मध्ये शिवसेनेकडून वाशीमचे खासदार झाले, १९९८ मध्ये ही जागा काँग्रेसच्या सुधाकरराव नाईकांकडे गेली आणि १९९९ मध्ये शिवसेनेने पुंडलिकरावांच्या कन्येला उभे करून ती परत मिळवली. लोकसभेसाठी किमान वय २५ लागते; भावनाताई तेव्हा २६ वर्षांच्या होत्या. त्या वयाच्या मुलाला आमच्याकडे सेवा सहकारी सोसायटीच्या निवडणुकीतही कोणी विचारत नाही, मग उमेदवारी कशामुळे मिळाली हे वेगळे सांगायला नको.

२००४ मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या. माझ्या मते खरी कसोटी लागली ती मात्र २००९ मध्ये. मतदारसंघांची पुनर्रचना होऊन वाशीम आणि यवतमाळ या दोन जागांची एक जागा झाली. वाशीम व कारंजा हे वाशीम जिल्ह्यातले दोन आणि यवतमाळ, राळेगाव, दिग्रस व पुसद हे यवतमाळ जिल्ह्यातले चार विधानसभा मतदारसंघ त्यात आले. म्हणजे पारडे यवतमाळकडे झुकलेले होते, आणि समोर काँग्रेसकडून उभे होते हरिसिंग राठोड, जे २००४ मध्ये यवतमाळचे खासदार म्हणून निवडून आलेले. ती निवडणूक भावनाताईंनी जिंकली. पुढे २०१४ मध्ये शिवाजीराव मोघे यांना सुमारे ९४ हजारांनी आणि २०१९ मध्ये माणिकराव ठाकरे यांना सुमारे १ लाख १८ हजारांनी त्यांनी हरवले. हे दोघेही काँग्रेसचे मंत्री राहिलेले, मुरलेले पुढारी होते. एवढे सगळे केवळ वडिलांच्या पुण्याईवर झाले, असे म्हणणे मला पटत नाही.

पाच वेळा निवडून येऊनही केंद्रात मंत्रिपद मिळाले नाही, हेही नोंदवले पाहिजे. २०१४ आणि २०१९ या दोन्ही वेळी शिवसेनेचे १८ खासदार होते आणि सुरुवातीला केंद्रात पक्षाच्या वाट्याला एकेकच मंत्रिपद आले. ते आधी अनंत गीते यांना व नंतर अरविंद सावंत यांना मिळाले. दोघेही कोकण-मुंबईचे. विदर्भातल्या शिवसैनिकांची ही जुनी खंत आहे.

कामाबद्दल विचाराल, तर आमच्या फाट्यावर खासदार निधीची पाटी लावलेला एक प्रवासी निवारा आहे. एसटी क्वचितच थांबते. हंगामात त्याच्या ओट्यावर सोयाबीन वाळत असते. खासदार फक्त काम सुचवतो, मंजुरी व खर्च जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतो आणि वर्षाचे पाच कोटी सहा विधानसभा मतदारसंघांत वाटले, तर एकाच्या वाट्याला कोटभरही येत नाही. मोठे काम म्हणाल तर वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग. त्यातील वर्धा ते कळंब एवढा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला.

त्याच निवाऱ्यात बसणारे आमचे एक काका तंबाखू मळता मळता दर निवडणुकीला म्हणत, "म्या ताईले नाही, बाणाले मत देतो." बाण म्हणजे शिवसेनेचे धनुष्यबाण हे चिन्ह. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा ताई एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेल्या आणि बाणही पुढे तिकडेच गेला. पण २०२४ मध्ये त्यांची उमेदवारी कापून ती हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना देण्यात आली. त्यामुळे काकांचे म्हणणे आपोआपच तपासले गेले. २६ एप्रिलला मतदान झाले. बाण होता, ताई नव्हत्या. उद्धव ठाकरे गटाचे संजय देशमुख मशाल चिन्हावर सुमारे ९४ हजारांनी विजयी झाले. पक्षफुटीचा राग आणि सोयाबीन-कापसाचे पडलेले भाव हीसुद्धा कारणे होती, तरी नुसत्या बाणावर भागत नाही एवढे दिसले.

मात्र उलटी परीक्षाही लगेच झाली. जुलैमध्ये ताई विधान परिषदेवर गेल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी वाशीम जिल्ह्यातल्या आपल्या रिसोडमधून विधानसभा लढवली. या वेळी ताईही होत्या आणि बाणही होता, तरी काँग्रेसचे अमित झनक निवडून आले. लोकसभेची एकही निवडणूक न हरलेल्या ताई घरच्या मैदानावर हरल्या. याचे एक कारण मला पुनर्रचनेतच दिसते. २००९ पासून रिसोड अकोला लोकसभा मतदारसंघात आहे, त्यामुळे तिथल्या माणसाला सलग तीन लोकसभा निवडणुकांत मतदान यंत्रावर भावना गवळी हे नाव दिसलेच नव्हते.