वाचक विचारतात : घरबसल्या शिक्षण, तंत्रज्ञान आणि स्त्री-अभ्यास

ऑनलाइन शिक्षणासंबंधी आलेल्या पत्रांपैकी निवडक पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत आणि लांबलेली पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी १९९९ साली इतिहास घेऊन बी. ए. झाले. पुढे संसारात आणि मुलांच्या शिक्षणात वर्षे गेली. आता धाकटाही बारावी झाला असून मला स्त्री-अभ्यास या विषयात पुढे शिकावेसे वाटते. मात्र रोज कॉलेजात जाऊन बसणे शक्य नाही. मोबाईलवर सतत जाहिराती येतात. कोणी ‘प्रमाणपत्र’ देऊ म्हणते, कोणी ‘पदवी’. या दोहोंत फरक काय आणि खरे-खोटे कसे ओळखावे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : प्रमाणपत्र आणि पदवी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा नीट लक्षात घेतले की जाहिरातींनी केलेला निम्मा गोंधळ निवळतो. एखाद्या विषयाचा चार, आठ किंवा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळते ते प्रमाणपत्र. केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी सुरू केलेल्या ‘स्वयम’ या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर असे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात, शुल्क भरावे लागते ते परीक्षेला बसायचे ठरवल्यासच. पदवी मात्र विद्यापीठ किंवा कायद्याने तसा अधिकार मिळालेली संस्थाच देऊ शकते, आणि विद्यापीठाला ती दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने द्यायची असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या पद्धतीसाठी आणि त्या अभ्यासक्रमासाठी मान्यता असावी लागते. मान्यताप्राप्त संस्थांची यादी त्या विभागाच्या संकेतस्थळावर असते. पैसे भरण्यापूर्वी तेथे संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव आणि शैक्षणिक सत्र या तिन्ही गोष्टी स्वतः पडताळून पाहाव्यात. ‘ताई, आज रात्रीपर्यंत प्रवेश घेतला तर निम्मी फी माफ’ असे फोनवर सांगणाऱ्याला त्या यादीतील नोंद दाखवायला सांगा. बहुतेक वेळा संभाषण तेथेच संपते.

आपल्याला पदवीच हवी असेल, तर १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा, स्त्री आणि लिंगभाव (जेंडर) अभ्यासातील एम. ए. हा पर्याय पाहण्यासारखा आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला त्यासाठी प्रवेश घेता येतो, त्यामुळे आपले इतिहासातील बी. ए. पुरेसे आहे. इग्नूच्या पद्धतीत घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांना ३० टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये होतात. अभ्याससाहित्य इंग्रजीत वाचण्याची तयारी ठेवावी लागेल. त्याचा अंदाज घेण्यासाठी ‘ई-ज्ञानकोश’ या संग्रहात या विषयाची पाठ्यसामग्री मोफत उपलब्ध आहे, तिच्यातील दोन-तीन घटक आधी वाचून पाहावेत. पंधरा दिवसांत ते वाचून झाले आणि वाचल्यावर कोणाशी तरी बोलावेसे वाटले, तर खुशाल फी भरा.

जाता जाता, आपण ज्या विषयाकडे वळत आहात त्याचे पहिले घर महाराष्ट्रातच आहे. १९७४ मध्ये, ज्या वर्षी भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या राष्ट्रीय समितीचा अहवाल आला त्याच वर्षी, मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले, आणि या विषयाची पहिली राष्ट्रीय परिषदही १९८१ मध्ये तेथेच भरली. इतिहासाच्या विद्यार्थिनीला यातून पुढचे बरेच धागे सापडतील.

प्रश्न : मी पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयात काही श्रेयांक (क्रेडिट) ऑनलाइन अभ्यासक्रमांतून मिळवता येतात. मी लिंगभाव आणि समाज या विषयावरील अभ्यासक्रम घ्यावा म्हणते. पण वर्गातली मुले हसतात आणि मुलीही ‘यापेक्षा मशीन लर्निंग घे’ असे सांगतात. आमच्या शाखेला या विषयाचा खरोखर काही उपयोग आहे का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : हसणाऱ्यांना प्रथम एवढेच विचारा, की ‘कॉम्प्युटर’ हा शब्द यंत्राला चिकटण्याआधी कोणाला लावला जात असे. आकडेमोडीची नोकरी करणाऱ्या माणसाला तो लावत, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते माणूस पुष्कळदा स्त्री असे. १९४६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला ‘एनिॲक’ हा अवाढव्य संगणक जगापुढे मांडला गेला, तेव्हा त्याच्या प्रोग्रामिंगचे काम सहा तरुणींनी केले होते. वर्तमानपत्रांतून यंत्राचे आणि ते बांधणाऱ्या अभियंत्यांचे कौतुक झाले. या सहाजणींची नावे पुढची कित्येक दशके फारशी कोणाच्या कानावर नव्हती.

विस्मरणात गेलेल्या स्त्रियांच्या याद्यांपासून हा विषय सुरू होत असला, तरी आपल्या शाखेला त्याचा उपयोग पुढच्या टप्प्यावर होतो. मशीन लर्निंगच्या, म्हणजे नमुन्यांवरून यंत्राला शिकवण्याच्या, तासाला प्रणालीची अचूकता मोजताना आपण सरासरी काढता. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधिकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या आणि सरासरीवर न थांबता निकाल वर्ण आणि लिंग यांनुसार वेगळे करून पाहिले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण फार तर ०.८ टक्के निघाले, तर सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. अशा यंत्रांना शिकवण्यासाठी आणि त्यांची परीक्षा घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या छायाचित्रसंचांत गोऱ्या चेहऱ्यांचा आणि पुरुषांचा भरणा असतो, हे त्यामागचे एक ठळक कारण. सरासरीच्या खाली कोण गाडले गेले आहे, हा प्रश्न गणितातून आपोआप उगवत नाही. तो विचारण्याची सवय लागावी लागते, आणि ती सवय लावणे हे स्त्री-अभ्यासाचे जुने काम आहे.

दुसरे उदाहरण घरातले देते. जाते गेले आणि पिठाची गिरणी आली, तेव्हा पहाटेचे कष्ट वाचले, याबद्दल कोणाही बाईला खंत नसावी. पण जात्यावर दोघीजणी समोरासमोर बसत, गात, सासर-माहेरचे सांगत. ती जागा गिरणीने घेतली नाही. यंत्राने काय दिले आणि काय नेले, याचा हिशेब हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या सामाजिक संशोधकांनी आपल्या महाराष्ट्रातच मांडला. त्यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि संगीताचे संगणकीय अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यांची संगणकावर सूची झाली. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने या ओव्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केल्या आहेत. गाणारीचे नाव, गाव आणि जात नोंदवलेली, विषयांनुसार लावलेली एवढी मोठी मौखिक सामग्री एखाद्या संगणक अभियंत्याच्या हाती पडली तर काय काय करता येईल, याचा विचार आपल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी करून पाहा.

तंत्रज्ञान आणि स्त्रीवाद यांची सांगड घालणारा महाविद्यालयीन अभ्यासक्रम कसा असावा, याचा एक धाडसी प्रयोग २०१३ मध्ये अमेरिकेत झाला. त्या सुमारास हजारो विद्यार्थ्यांना एकाच प्राध्यापकाचे व्हिडिओ दाखवणाऱ्या ‘मूक’ अभ्यासक्रमांची लाट आली होती. (इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेले हे नाव मराठीत नको तितके खरे ठरते : तेथे विद्यार्थी बहुधा मूकच असतो.) ॲन बाल्सामो आणि अलेक्झांड्रा जुहास यांनी उभ्या केलेल्या ‘फेमटेकनेट’ या गटाने त्याला उत्तर म्हणून विखुरलेला, खुला आणि सहकार्याने चालणारा अभ्यासक्रम मांडला. प्रत्येक आठवड्याला एका विषयावरील दोन विदुषींचा ध्वनिचित्रित संवाद सर्वांसाठी सामाईक; पण वर्ग, शिक्षक, वाचन आणि गृहपाठ ज्या-त्या महाविद्यालयाचे स्वतःचे. विकिपीडियावर स्त्रियांविषयीच्या नोंदी लिहिणे आणि असलेल्या सुधारणे, हा त्यातील एक गृहपाठ होता. आपल्याकडे ‘स्वयम’वरच्या व्याख्यानांना ही पद्धत सहज जोडता येईल. एखाद्या प्राध्यापकांना आठवड्यातून एक तास चर्चेसाठी मागून पाहा, आणि गृहपाठ म्हणून मराठी विकिपीडियावर एखाद्या शास्त्रज्ञ स्त्रीची नोंद लिहा. हसणारे तुमच्या नोंदीतल्या चुका काढायला तरी नक्की येतील.

श्रेयांकांविषयी थोडक्यात सांगते. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’वरून घेण्याची मुभा विद्यापीठ देऊ शकते. परंतु आपला अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या मान्य यादीत आहे की नाही, हे नोंदणीपूर्वी लेखी विचारून घ्या. परीक्षा झाल्यावर विचारल्यास उशीर झालेला असतो. याद्या दर सत्राला बदलतात, आणि शोधताना ‘वुमन’ या शब्दाइतकाच ‘जेंडर’ हा शब्दही टाकून पाहावा, कारण विषय एक असूनही शीर्षके दोन्ही प्रकारची असतात.

प्रश्न : मुलीला बी. ई. करायचे आहे, पण बाहेरगावी पाठवण्याची आमची ऐपत नाही. एका संस्थेने संपूर्ण ऑनलाइन बी. ई. देण्याचे कबूल केले आहे. प्रवेश घ्यावा का? (एक पालक, लातूर)

उत्तर : घेऊ नये. अभियांत्रिकीची पदवी ऑनलाइन पद्धतीने देण्यास आयोगाची परवानगी नाही, त्यामुळे असे कबूल करणारी संस्था आपल्याला फसवत आहे. मुलीला संगणकाचीच आवड असेल, तर मान्यताप्राप्त विद्यापीठांतील ऑनलाइन बी. सी. ए. हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग मद्रास आयआयटीने २०२० मध्ये सुरू केलेल्या डेटा सायन्सच्या पदवीचा. तेथे जेईई लागत नाही. बारावी कोणत्याही शाखेची चालते, आणि चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. सगळी वर्षे पूर्ण करणे जमले नाही तरी मधल्या टप्प्यावर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन थांबता येते, आणि कमी उत्पन्नाच्या व राखीव गटांतील विद्यार्थ्यांना शुल्कात मोठी सवलत आहे. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, तेव्हा प्रवासखर्च हिशेबात धरावा.

प्रश्न : स्त्री-अभ्यासाच्या अभ्यासक्रमाला पुरुषाने नाव नोंदवले तर चालते का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : चालते. अपवाद महिला विद्यापीठाच्या पदव्यांचा. आणि ते विद्यापीठ १९१६ मध्ये स्थापन करणारे महर्षी धोंडो केशव कर्वे पुरुषच होते.

प्रश्न : मी गेल्या दोन वर्षांत चार ऑनलाइन अभ्यासक्रमांना नाव घातले आणि एकही पूर्ण केला नाही. रात्री साडेदहानंतर स्वयंपाकघर आवरून व्हिडिओ लावते आणि दहा मिनिटांत डोळा लागतो. माझ्यातच चिकाटी नाही, असे घरचे म्हणतात. त्यांचे खरे आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : घरच्यांना २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणातील दोन आकडे दाखवा. घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या भारतीय स्त्रिया त्या कामांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात. अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे रोजच्या तीन तास बावीस मिनिटांचा फरक आहे, आणि ‘स्वयम’च्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला एवढा वेळ आठवडाभरात मिळाला तरी पुष्कळ काम उरकते. ऑनलाइन शिक्षण ‘कधीही, कोठेही’ घेता येते अशी त्याची जाहिरात होते. बाईच्या बाबतीत त्याचा अर्थ ‘सगळ्यांचे सगळे झाल्यावर’ असा होतो. त्यात उपकरणाचा प्रश्न वेगळा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया ३३.३ टक्के होत्या आणि पुरुष ५७.१ टक्के. घरात एकच चांगला मोबाईल असेल आणि तो इतरांचे झाल्यावर आपल्या हाती येत असेल, तर चिकाटीचा हिशेब मांडण्याआधी मोबाईलचा हिशेब मांडावा.

आता करण्याजोग्या गोष्टी. एका वेळी एकच अभ्यासक्रम घ्या. तो ‘स्वयम’वरील ‘एनपीटेल’चा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा, असेल, तर त्याची गुणपद्धत आपल्यासारख्यांना सोयीची आहे : स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ टक्के भार असतो, आणि बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारापैकी उत्तम आठ स्वाध्यायांचेच गुण धरले जातात. म्हणजे पाहुणे, मुलांचा ताप, गौरी-गणपती यांत चार आठवडे हातचे गेले तरी प्रमाणपत्र जात नाही. मागे पडलो म्हणून सोडून देणाऱ्या कितीतरी जणींना हा नियम ठाऊकच नसतो.

वेळ रात्रीची ठेवू नका. दुपारची किंवा सकाळची पाऊण तासाची एक वेळ ठरवून ती घरातल्या सर्वांना सांगा. त्या वेळी चहा दुसऱ्या कोणीतरी करावा. आणि एकटीने शिकू नका. आपल्या इमारतीत, भिशीत किंवा लोकलच्या डब्यात ओळखीच्या दोघी-तिघी मिळाल्या, तर सगळ्यांनी एकाच अभ्यासक्रमाला नाव घाला आणि आठवड्यातून एकदा झालेल्या पाठाविषयी बोला, भले ते बोलणे डोंबिवली ते दादर एवढ्या प्रवासात का होईना. जुलैचे सत्र हुकले असेल तर पुढचे जानेवारीत सुरू होईल. मैत्रिणी जमवायला तोवर वेळ आहे.