हिपॅटायटिस बीचा एकच डोस ३ वर्षांपूर्वी घेतला होता. आता ४२व्या वर्षी कोणत्या लसी घ्याव्यात?

आधी त्या अर्धवट कोर्सचं बघू. ‘गॅप पडला, आता पहिल्यापासून सुरू करा’ असं कुणीतरी सांगेलच. ऐकू नका. अंतर वाढलेलं चालतं, कमी झालेलं चालत नाही, हे कितीदा सांगायचं! पहिल्या डोसने तयार झालेल्या स्मृतिपेशी उशीर झाला म्हणून पुसल्या जात नाहीत. नेहमीच्या तीन डोसांच्या लसीत दुसरा डोस आज घ्या, तिसरा किमान ८ आठवड्यांनी. झालं.

इंजेक्शन दंडातच घ्या, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली. कुल्ल्यावर अजिबात नको. तिथली चरबी जाड, सुई स्नायूपर्यंत पोचतच नाही आणि अँटिबॉडी कमी तयार होतात. फार वर टोचलं तर सांध्याला इजा होऊन खांदा महिनोन्‌महिने दुखतो. बहुतेकांना २५ मिमीची सुई पुरते, जाड दंडाला ३८ मिमीची लागते.

लस २ ते ८ अंशांत ठेवलेली हवी. फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठलेली कुपी वितळल्यावर वरवर ठीक दिसते, पण आतल्या ॲल्युमिनियम क्षाराच्या गुठळ्या झालेल्या असतात. हलवून ठेवली की गाळ भराभर तळाशी बसतो. ती कुपी फेकायचीच.

अँटी-एचबीएस तपासणी (लसीने पुरेशा अँटिबॉडी तयार झाल्या का, हे रक्तातून बघणारी) सगळ्यांना लागत नाही. रुग्णसेवेत असाल, डायलिसिसवर असाल किंवा जोडीदाराला ही लागण असेल तर शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांत करा; आकडा १० mIU/mL किंवा जास्त हवा. काही वर्षांनंतर तो उतरलेला दिसला म्हणून संरक्षण गेलं असं निरोगी माणसाने समजू नये.

बाकीचं थोडक्यात. फ्लूची दरवर्षी. धनुर्वात-घटसर दर १० वर्षांनी; प्राथमिक डोस पूर्ण असतील तर प्रत्येक खरचटण्याला इंजेक्शन नको, मळकी जखम असेल आणि ५ वर्षं उलटली असतील तर घ्या. नागिणीची पन्नाशीनंतर, दोन डोस. न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या जिवाणूविरुद्धची) उतारवयात, मधुमेह किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर आधीच.

गरोदर असाल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला), कांजिण्या अशा जिवंत (म्हणजे कमजोर केलेल्या जंतूंच्या) लसी टाळा. आधीच्या डोसची तीव्र ॲलर्जी आली असेल तर ती लस पुन्हा नाही. आणि हो, एचबीएसएजी (आत्ता हिपॅटायटिस बीची लागण आहे का, हे सांगणारी रक्ततपासणी) एकदा करून घ्या, कारण आधीच झालेल्या लागणीवर लस काही करत नाही. पण त्या रिपोर्टसाठी डोस अडवून ठेवू नका. रक्त द्या आणि त्याच दिवशी टोचून घ्या.