विवराचे तोंड गावाचे, तळ कोणाचा?

मागील अंकात मेघालयातील गुहांविषयी एक टिपण छापले होते. त्यात खासी मुलुखातील एका खोल, उभ्या गुहेत दोरावरून उतरणाऱ्या पथकाचा उल्लेख होता. त्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांतील प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. दुसऱ्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण तो मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न (फोंडा) : उभी गुहा म्हणजे एक प्रकारची विहीरच ना? तळ दिसत नसताना ती किती खोल आहे हे कसे ठरवतात, आणि खाली गेलेला माणूस वर कसा येतो?

उत्तर : तोंडाशी उभे राहून पाहिले तर विहिरीची उपमा योग्यच आहे. मात्र विहिरीचा तळ ही तिची अखेर असते, तर उभ्या गुहेच्या तळाशी पुष्कळदा खऱ्या गुहेची सुरुवात होते. पावसाचे पाणी हवेतून, आणि त्याहून अधिक जंगलाच्या मातीतून, कार्बन डायऑक्साइड घेत खाली झिरपते. त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी बनते आणि चुनखडकातील भेगा विरघळवून रुंद करत जाते. जेथे हे पाणी सरळ खाली कोसळते, तेथे हजारो वर्षांत विवर तयार होते आणि तळाशी पोचलेले पाणी पुढे आडवी वाट कोरत जाते. मेघालयातील मॉसिनराम आणि सोहरा (म्हणजे चेरापुंजी) या भागांत वर्षाकाठी सरासरी 11,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या गोव्यातला पाऊस सर्वसाधारणपणे 3,000 मिलिमीटरच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या डोंगरांवर पाण्याचे काम किती अखंड चालले असेल याची कल्पना येते.

खोलीचा पहिला अंदाज दगड टाकून घेता येतो. दगड पडल्याचा आवाज पाच सेकंदांनी ऐकू आला, तर आवाज वर येण्याचा वेळ हिशेबात धरून आणि हवेचा विरोध सोडून देऊन खोली 107 मीटरच्या जवळपास निघते. परंतु दगड मधल्याच एखाद्या कपारीवर आपटला तर हा हिशेब फसतो, आणि खाली कोणी असण्याची शक्यता असेल तर दगड टाकणे हा गुन्हाच समजावा. दोर किती सोडला यावरूनही खरी खोली कळत नाही, कारण गाठी आणि मधली सैल वळणे यांत दोराचा बराच भाग जातो. खरे मोजमाप उतरताना टप्प्याटप्प्याने होते. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचे अंतर, होकायंत्रावरील दिशा आणि उताराचा कोन अशा तीन नोंदी प्रत्येक टप्प्याला घेतल्या जातात. पूर्वी हे काम फीत, होकायंत्र आणि कोनमापक घेऊन चालत असे. आता हाताच्या पंजात मावणारे लेसर उपकरण तिन्ही आकडे एकदम देते. 20 मीटर लांबीचा टप्पा 30 अंशांनी खाली उतरत असेल, तर खोली 10 मीटरनेच वाढली, असा हा साधा त्रिकोणमितीचा हिशेब आहे. एकाच सरळ विवराची खोली आणि सर्वांत वरच्या तोंडापासून सर्वांत खालच्या बिंदूपर्यंतची संपूर्ण गुहेची खोली हे दोन वेगळे आकडे असतात. वर्तमानपत्री बातम्यांत त्यांची नेहमी गल्लत होते.

उतरण्यासाठी फार न ताणला जाणारा दोर वापरतात. तो वरच्या बाजूला किमान दोन ठिकाणी पक्का बांधतात, आणि जेथे तो खडकाच्या धारेला घासू लागेल तेथे खडकात नवा बोल्ट बसवून तेथून पुन्हा बांधतात. कारण गुहेत दोर तुटण्याचे भय वजनापेक्षा घासण्यामुळे अधिक असते. दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारल्याशिवाय कोणीही उतरत नाही. वर येताना दोन पकडी वापरतात. त्या दोरावर वरच्या दिशेने सरकतात, पण खाली घसरत नाहीत. पायाच्या फासात उभे राहायचे, वरची पकड पुढे सरकवायची, कमरेच्या पट्ट्यावर बसायचे आणि पुन्हा उभे राहायचे. काही मिनिटांत उतरलेले अंतर चढायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो आणि तो सारा वेळ माणूस अंधारात एका दोरावर लोंबकळत असतो.

प्रश्न (सत्तरी तालुक्यातील एक शिक्षिका) : आमच्या नववीच्या वर्गात या टिपणावर चर्चा झाली. अर्धी मुले म्हणाली की जो प्रथम तळाला पोचला त्याने गुहेला नाव द्यावे. उरलेली म्हणाली की नाव देण्याचा हक्क गावाचा. आपले मत काय?

उत्तर : माझे मत दुसऱ्या गटाच्या बाजूने आहे. परंतु पहिल्या गटातील मुलांचा विचार चुकीचा म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात आणि शेजारच्या जैंतिया डोंगरांतही गुहांच्या नावांत हाच शब्द येतो. नकाशावर क्रेम हा शब्द ज्या नावाआधी दिसतो, ते नाव बहुतेक वेळा पथक येण्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडी असते. ‘लाबित’ म्हणजे वटवाघूळ, म्हणून क्रेम लाबित. ‘श्रिएह’ म्हणजे माकड, म्हणून क्रेम श्रिएह. यातील दुसऱ्या गुहेचे तोंड शंभर मीटरच्या आसपास खोल असे सरळ विवर आहे, आणि त्यात कोणी दोर सोडण्यापूर्वीच ते माकडांचे विवर म्हणून ठाऊक होते. ‘उम’ म्हणजे पाणी. तो शब्द नावात असेल तर आत ओढा वाहत असण्याची शक्यता धरूनच उतरावे लागते. अशा नावांत लाकडे तोडणाऱ्या, शिकारीला जाणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या पिढ्यांचे निरीक्षण साठलेले असते. आपल्याकडे गावातील कोंडीचे, पाणंदीचे किंवा मळ्याचे नाव ऐकले की जाणत्या माणसाला तेथे काय असेल ते कळते, तसेच हे आहे. ते पुसून एखाद्या गिर्यारोहकाचे किंवा त्याच्या गावाचे नाव लिहिणे म्हणजे उपयोगाची माहिती टाकून देणे होय.

म्हणून तेथील चांगली पथके आधी दोर काढत नाहीत. ती आधी गावात जातात. गावाच्या कारभाराची सभा म्हणजे ‘दोरबार श्नोंग’ आणि गावाचा प्रमुख म्हणजे ‘रांगबा श्नोंग’. त्याच्या संमतीशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. वाट दाखवायला गावातीलच माणूस येतो आणि गुहेचे नाव त्यालाच विचारले जाते. नावच नसेल तर जवळच्या ओढ्याचे, रानाचे किंवा जागेचे नाव गावकऱ्यांना विचारून घेतात. वटवाघळे अनेक गुहांत असल्यामुळे लाबित नावाच्या गुहाही अनेक आहेत. अशा वेळी नावापुढे कंसात गावाचे नाव लिहिण्याची पद्धत आहे.

गोमंतकीय वाचकाला हा मुद्दा पटवून द्यावा लागू नये असे मला वाटते. डिचोलीचे ‘बिचोलिम’, सांखळीचे ‘सांकेलिम’ आणि काणकोणचे ‘कानाकोना’ कसे झाले, हे आपण आजही पाट्यांवर वाचतो. परक्या कानाने ऐकलेले आणि परक्या लिपीत लिहिलेले नाव शतकानुशतके चिकटून राहते. खासी मुलुखातही हेच घडले. सोहराचे ब्रिटिशांनी ‘चेरा’ केले आणि चेरापुंजी हे नाव जगभर गेले. आता पुन्हा सोहरा हे नाव रूढ होत आहे. 1841 मध्ये सोहराला आलेल्या थॉमस जोन्स या वेल्श मिशनऱ्याने खासी भाषा रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली. ते लेखन वेल्श भाषेच्या वळणाने गेल्यामुळे त्यातील ‘वाय’ हे अक्षर आपल्या ‘य’सारखे नसून एका आखूड स्वरासाठी येते. मराठीत ही नावे इंग्रजी वाचनावरून उतरवली की ती हमखास बिघडतात. ती तेथील माणसाच्या तोंडून ऐकूनच देवनागरीत आणावीत.

आता पहिल्या गटातील मुलांचे म्हणणे. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा प्राण्यांची शास्त्रीय नावे असावीत, कारण तेथे प्रथम रीतसर वर्णन करणारा अभ्यासकच नाव देतो आणि त्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. जैंतिया डोंगरांतील क्रेम उम लादाव ही अशीच खोल विवरातून उतरावी लागणारी गुहा आहे. तिच्या तळाच्या पाण्यात दृष्टी गमावलेला एक मासा आहे. तो 40 सेंटीमीटरहून अधिक लांब वाढतो आणि जगातील ज्ञात भूगर्भवासी माशांत तो सर्वांत मोठा आहे. 2023 मध्ये अभ्यासकांनी त्याचे रीतसर वर्णन केले तेव्हा नाव देण्याचा पूर्ण अधिकार त्यांचाच होता. त्यांनी ‘निओलिसोकायलस प्नार’ हे नाव दिले. प्नार हे त्या डोंगरांत राहणाऱ्या लोकांचे नाव आहे. ज्यांना अधिकार होता त्यांनीही तो असा वापरला, ही गोष्ट वर्गातील दोन्ही गटांना सांगावी.

एक शंका मात्र खरी आहे. गावाने नाव दिले ते तोंडाला. शंभर मीटर खाली तर गावातील कोणीच गेलेले नसते. मग तळातील दालने, धबधबे आणि अरुंद वाटा यांचे काय? तेथे पथके आपल्या सोयीसाठी नावे देतात. सर्वेक्षणाच्या वहीत ती लागतातच, कारण संकटकाळी ‘तिसऱ्या फाट्यानंतरचे डावे भुयार’ असे सांगत बसायला वेळ नसतो. या आतील नावांना माझी हरकत नाही. ती वर्णनात्मक असावीत, आणि नकाशा पुरा झाल्यावर त्याची प्रत गावाला देऊन तीही समजावून सांगावीत, एवढेच माझे म्हणणे आहे. काही ठिकाणी गावच त्यांत बदल सुचवील, आणि तो मान्य करावा.

याला श्रद्धेचीही एक बाजू आहे. खासी लोककथेत सूर्य स्त्री आहे. ती रुसून ‘क्रेम लामेत क्रेम लातांग’ या गुहेत जाऊन बसली, जग अंधारात बुडाले, आणि अखेर कोंबड्याने पुढाकार घेतल्यावर ती बाहेर आली. ज्या लोकांच्या कल्पनेत सूर्याला आसरा देणारी गुहा आहे, त्यांच्यासाठी विवराचे तोंड ही रिकामी जागा नसते. आपल्या सत्तरीत देवराईत शिरण्यापूर्वी राखणदाराला गाऱ्हाणे घालतात. आपल्या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रश्न (वास्को) : गोव्यात अशा गुहा का नाहीत? हरवळ्याची गुहा त्याच प्रकारची आहे का?

उत्तर : नाही. हरवळे आणि खांडेपार येथील गुहा माणसांनी जांभ्यात कोरलेल्या आहेत. त्यांना लेणी म्हणणे अधिक बरोबर. मूळ खडकातील विरघळणारी द्रव्ये पावसाने धुऊन नेल्यानंतर जे लोह आणि ॲल्युमिनियमयुक्त द्रव्य मागे उरते, त्याचाच जांभा बनतो. त्यामुळे चुनखडकाप्रमाणे तो पाण्यात विरघळून खोल विवरे होत नाहीत. मेघालयातही सर्व गुहा चुनखडकातच आहेत असे मात्र समजू नये. मॉसिनराम भागातील क्रेम पुरी ही सुमारे 24.5 किलोमीटर लांबीची गुहा वालुकाश्मातील आहे, आणि त्या प्रकारच्या खडकातील ती जगातील सर्वांत लांब गुहा म्हणून ओळखली जाते.

प्रश्न (पेडणे) : मी पावसाळ्यात धबधब्यांवर दोराने उतरतो. मला मेघालयातील उभ्या गुहेत जाता येईल का?

उत्तर : आपल्याला जमणारी गोष्ट या कामातील निम्म्याहूनही कमी आहे. धबधब्याखाली उतरलेला माणूस पायवाटेने घरी जातो. विवरातून बाहेर पडायला बहुधा त्याच दोराने वर चढावे लागते. म्हणून दोन पकडींनी चढणे, दोरावर लोंबकळत असतानाच मधल्या बोल्टची गाठ ओलांडणे आणि उतरता उतरता थांबून पुन्हा वरच्या दिशेला लागणे या तीन गोष्टी जाणकाराच्या देखरेखीखाली जमिनीपासून फार उंच न जाता आधी पक्क्या करा. पावसाळ्याचा विचारही मनात आणू नका. तेथील मोहिमा प्रामुख्याने फेब्रुवारी आणि मार्चमध्ये निघतात, कारण दूरवर पडलेल्या पावसानेही आतील ओढा पाहता पाहता वाढतो. शिलाँगची मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशन 1992 पासून देशोदेशींच्या गुहा-अभ्यासकांबरोबर हे काम करत आहे. या संयुक्त मोहिमांतून हजाराहून अधिक गुहांची नोंद आणि शेकडो किलोमीटर मार्गांचे सर्वेक्षण झाले आहे. एकट्याने किंवा मित्रांच्या घोळक्याने जाण्यापेक्षा अशा अनुभवी लोकांबरोबर जावे. प्रत्येकाकडे तीन स्वतंत्र दिवे असावेत. लवणस्तंभांना हात लावू नये आणि वटवाघळे जेथे लटकलेली असतील तेथे थांबू नये.

आपण नोंदवही घेऊन जालच. तिच्या पहिल्या पानावर गुहेच्या नावाची जागा कोरी सोडा. संध्याकाळी गावात परतल्यावर वाटाड्याजवळ बसून ते नाव त्याच्याकडून दोन-तीनदा म्हणवून घ्या, त्याचा अर्थ विचारा, आणि मग ते त्याच्यासमोरच लिहून त्याला वाचून दाखवा.