१९७२ची एमजीबी: हेडलाइट मध्येच जातात, स्विच तापतो. सगळं वायरिंग बदलावं का?

नाही, निदान इतक्यात तरी नाही. तुम्ही लिहिलंय की या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा डिपर (जवळ पडणारा झोत) आधीच पिवळट, पंधरा-वीस मिनिटांनी हेडलाइट अचानक जातात, पार्किंग लाइट मात्र चालू राहतात. डॅशवरचा स्विच हाताला गरम लागतो आणि थोडं थांबलं की सगळं पुन्हा सुरू. बल्ब नवे टाकून झालेत आणि मेकॅनिक म्हणतोय अख्खं वायरिंग काढू. मला विचाराल तर वायरी ठीक असाव्यात, बिघाड जोडांमध्ये आहे. तांब्याच्या वायरीला मधल्या मध्ये सहसा काही होत नाही, जे होतं ते टोकांना.

पुढच्या वेळी लाइट गेले की लगेच स्विच बंद करू नका. आधी स्टिअरिंगजवळची दांडी ओढून फ्लॅश मारून बघा. फ्लॅशरचा करंट डॅशवरच्या स्विचमधून येत नाही, त्याची वाट वेगळी आहे (म्हणून तर लाइट बंद असतानाही फ्लॅश लागतो). समोर लख्ख उजेड पडला, तर बल्ब, अपरची (लांब पडणाऱ्या झोताची) वायर आणि अर्थ (बॉडीशी असलेला परतीचा जोड) तिन्ही निर्दोष सुटले. मग दांडी अपरवर टाका. अपर लागला तर दांडीतला डिपरचा कॉन्टॅक्ट गेलाय. अपरही नाही लागला तर डॅशवरचा स्विच किंवा त्याचे जोड. तुमचा स्विच तापतोय, म्हणजे माझी पैज त्याच्यावरच.

तो तापतो का, ते बघा. ५५ वॅटचे दोन डिपर म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला साधारण ९ अँपियर. या गाडीत रिले (किरकोळ करंटने चालणारा, मोठा करंट झेलणारा वेगळा स्विच) नाही, त्यामुळे एवढा सगळा करंट त्या चिमुकल्या स्विचमधून जातो. आतल्या कॉन्टॅक्टवर काजळी धरून फक्त ०.१ ओहम रोध तयार झाला, तरी ०.९ व्होल्ट तिथेच पडतात आणि जवळजवळ ८ वॅट उष्णता होते. पत्ती तापते, स्प्रिंग मऊ पडते, कॉन्टॅक्ट सुटतो. थंड झाला की परत चिकटतो. उजेडाचं गणित तर आणखी वाईट: बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की उजेड सुमारे ३० टक्के घटतो.

आणि म्हणूनच मल्टिमीटरची, वायर सलग आहे का ते सांगणारी 'बीप' इथे कामाची नाही. ०.१ ओहमला ती खुशाल वाजते. डिपर चालू ठेवून, म्हणजे लोडवर, मोजा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक फ्यूजबॉक्सवरच्या तपकिरी वायरीवर, दुसरं हेडलाइटमागच्या निळ्यावर लाल रेघ असलेल्या वायरीवर. अर्धा व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक, एकच्या वर गेला तर वाटेत कोणीतरी खातंय. मग एकेक टप्पा धरा: स्विचच्या तपकिरीपासून त्याच्याच निळ्यापर्यंत, तिथून दांडीपर्यंत, दांडीपासून बल्बपर्यंत. शेवटी बल्बच्या काळ्या वायरीपासून बॉडीच्या स्वच्छ पत्र्यापर्यंत; इथे ०.२ व्होल्टच्या वर नको. ब्रिटिश गाड्यांच्या रंगांची शिस्त मला फार आवडते. तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, निळी हेडलाइटची, निळ्यावर पांढरी रेघ अपरची, काळी अर्थ. या गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान बनवणाऱ्या कंपनीवरचा 'लुकास म्हणजे अंधाराचा राजपुत्र' हा विनोद तुम्हीही ऐकला असेल, पण पन्नास वर्षं साचलेल्या गंजाचा दोष त्या बिचाऱ्यावर का टाकायचा?

बोनेटखाली पुढे, रेडिएटरच्या आसपास, काळ्या रबरी नळ्यांमध्ये खुपसलेल्या गोळीसारख्या टोकांचा जुडगा दिसेल. त्यातली एक ओढून काढा. टोकावर हिरवट पावडर आणि आतली धातूची नळी काळपट असेल, तर ती पॉलिश पेपरने घासत बसू नका. त्या नळ्या स्वस्त असतात, सरळ नव्या टाका आणि टोकं तेवढी चकचकीत करा. अर्थचे जोडही त्यातच आहेत, ते विसरू नका. इंडिकेटर लावला की पार्किंग लाइटही लुकलुकतो असं दिसलं, तर तोही अर्थचाच खेळ.

स्विच लगेच नवा घेऊ नका. आजकालच्या नकली मालापेक्षा जुना साफ केलेला बरा, असं माझं मत. उघडताना कापडावर धरून उघडा, आतली स्प्रिंग उडते आणि सापडत नाही. प्लास्टिक वितळलं असेल तर मात्र बदलाच.

हे झालं की दोन रिले बसवा, डिपरचा एक, अपरचा एक. रिलेच्या पायांवर आकडे असतात: डिपरची जुनी निळी-लाल वायर ८६ला, ८५ अर्थला, ३०ला फ्यूज लावून तपकिरीवरून नवी जाड वायर, आणि ८७वरून बल्ब. डाव्या-उजव्या बल्बला वेगळा फ्यूज दिलात तर एका शॉर्टने दोन्ही लाइट एकदम जाणार नाहीत. स्विचवर मग रिलेच्या कॉइलपुरता किरकोळ करंट उरतो, आणि जुनी वायर कापावीही लागत नाही.

स्विच खोलण्याआधी बॅटरीची अर्थ केबल काढा. तपकिरी वायरीला या गाडीत फ्यूजच नाही, पाना घसरून बॉडीला लागला तर वायर थेट पेटते. बॅटरी सीटच्या मागे, झाकणाखाली आहे. कोणी बदलली नसेल तर ६ व्होल्टच्या दोन निघतील. त्यांना जोडणाऱ्या केबलची टोकंही त्याच वेळी घासून घ्या.