स्कर्टचं माप आधी, धीर मागाहून

ताई, नमस्कार. माझं वय ३६, लग्नाला नऊ वर्षं झाली. मला स्कर्ट आणि उंच टाचांचे बूट घालायला आवडतात. आजवर हे घरात, दार लावून चाललं; बायकोला पहिल्यापासून माहीत आहे. आता बाहेरही घालावंसं वाटतं. दोन महिन्यांनी मेहुणीचं रिसेप्शन आहे, तिथेच एकदाचं घालून जावं असं मनात आहे. हे सांगितल्यावर बायको गप्प झाली. मग म्हणाली, "याचा अर्थ नक्की काय, ते आधी मला सांग." मला उत्तर देता आलं नाही. भावाला सांगून पाहिलं, तर तो म्हणतो, हे बाईचे कपडे आहेत, पुरुषासारखा वाग. त्यातच ९ सेंटिमीटर टाचेचे बूट माझ्याच नंबरात मागवले, तर दहा मिनिटांत करंगळीला फोड आला. काळा स्कर्ट घेतलाय, तो कमरेला बसतो, पण पुढून विचित्र दिसतो आणि चालताना पायांना चिकटून वर चढतो. सुरुवात कुठून करू?
– अर्ध्या वाटेवरचा

नमस्कार.

रिसेप्शनला नको. स्कर्टला माझी मुळीच हरकत नाही, पण ती जागा पहिल्या वेळेची नाही. तो दिवस मेहुणीचा आहे, आणि तुम्ही त्या दिवशी प्रथमच स्कर्टमध्ये दिसलात तर सगळ्या कुजबुजीत तुम्हीच असाल. शिवाय चार तास उभं राहायचं, जिने चढायचे, शंभर जणांशी बोलायचं, तेही अंगवळणी न पडलेल्या कपड्यात. पहिली वेळ एखाद्या अगदी साध्या दिवशी असू दे: वाचनालयात पुस्तक बदलायला जाताना, जवळच्या मित्राच्या घरी जाताना. आणि त्याच्याही आधी कपडा नीट बसू दे. न बसणारा कपडा सोंगासारखा दिसतो, आपलं लक्ष सारखं त्याच्याकडे जातं, आणि आपण अवघडलो की बघणाराही अवघडतो. तुम्हाला जी भीती वाटते आहे तिचा बराच भाग चुकीच्या मापाचा आहे, असं मला तुमचं पत्र वाचून वाटलं.

काळ्या स्कर्टची गोष्ट अशी. तो तुम्ही कमरेच्या मापाने घेतलात. बायकांचे तयार स्कर्ट कंबर आणि नितंब यांत साधारण २५ सेंटिमीटरचा फरक धरून बेततात. पुरुषांत हा फरक बहुधा १० ते १५ सेंटिमीटरच असतो. म्हणून कंबर जुळली की खाली कापड जास्त होतं आणि पुढे फुगतं; नितंब जुळवले तर कंबर आवळते. आणखी एक घोळ पॅन्टच्या सवयीचा. पॅन्ट आपण नाभीच्या बरीच खाली घालतो. स्कर्ट बहुतेक वेळा नाभीजवळच्या खऱ्या कमरेसाठी कापलेला असतो. तेव्हा पॅन्टचा नंबर सांगून स्कर्ट घेऊ नका. सरळ उभं राहून बाजूला वाका. जिथे घडी पडते ती कंबर. तिथे टेप लावा, मग नितंबांच्या सर्वांत भरीव जागी, आणि तिसरं माप कमरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत.

पायांना चिकटून वर चढण्याचं कारण मात्र वेगळं आहे, ते कापडात आहे. पातळ पॉलिएस्टर कोरड्या हवेत घासलं की त्यावर स्थिर वीज साठते, मग ते पायाला चिकटतं आणि प्रत्येक पावलागणिक इंचभर वर सरकतं. आतून व्हिस्कोसचं अस्तर लावून घ्या किंवा आत स्लिप, म्हणजे परकरासारखा गुळगुळीत आतला कपडा, घाला, हे थांबेल. पण पुढून शरीराचा प्रत्येक उंचवटा दिसतो त्याला अस्तर पुरत नाही. त्यासाठी कापडच जाडसर हवं: डेनिम किंवा ट्विल. किल्टमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांच्या चुणीदार स्कर्टमध्ये, याची फार चांगली सोय असते. पुढे एकावर एक असे दोन सपाट पदर, आणि सगळ्या चुण्या मागे. पुढे दुहेरी पदर येणारा गुंडाळून घालायचा स्कर्ट त्याच कारणासाठी पुरुषाच्या अंगावर चांगला बसतो. पेन्सिल स्कर्टच्या, म्हणजे अंगाला बसणाऱ्या अरुंद सरळ स्कर्टच्या, वाटेला इतक्यात जाऊ नका. मागे चीर नसेल तर त्यात लांब पाऊल पडत नाही, आणि तुमच्या पायांना लांब पावलांची सवय आहे.

मला विचाराल तर पहिला स्कर्ट शिवूनच घ्या. अर्ध्या वर्तुळाचा बेत सोपा आहे आणि कंबर-नितंबांच्या फरकाची कटकटच उरत नाही, कारण कमरेखाली तो आपोआप मोकळा होत जातो. हिशेब असा: कमरेचं माप भागिले ३.१४ ही आतली त्रिज्या. कंबर ८६ सेंटिमीटर असेल तर २७.४. त्यात लांबी ६५ आणि खालच्या दुमडीचे २ मिळवा, सुमारे ९५ होतात. म्हणजे १५० सेंटिमीटर पन्ह्याचं दोन मीटर कापड पुरतं, उरलेल्यातून कंबरपट्टी निघते. अखंड अर्धवर्तुळ कापण्याऐवजी दोन पाव-वर्तुळं कापायला सांगा, म्हणजे दोन्ही बाजूंना शिवण येईल. एकीकडे २० सेंटिमीटरची चेन, दोन्हीकडे खिसे. खिशाचं तोंड १६ सेंटिमीटर ठेवा आणि खिशाची पिशवी वर कंबरपट्टीतच अडकवून शिवा. तसं केलं नाही तर फोनच्या वजनाने ती बाजू लोंबते. कंबरपट्टीत बकरम, म्हणजे ताठ राहण्यासाठी आत घालायचं कडक कापड, हवंच. आणि खालची दुमड लगेच घालू देऊ नका. वर्तुळात कापलेल्या कापडाचा काही भाग उरेबात येतो, म्हणजे तिरक्या धाग्यावर, आणि तो आपल्याच वजनाने ओघळतो. स्कर्ट पूर्ण एक दिवस टांगून ठेवायचा, मग तुम्ही तो घालून उभे राहायचं आणि जमिनीपासून सारख्या उंचीवर खुणा करून कड कापायची. हे टाळलं की दोन महिन्यांत घेर वरखाली होतो आणि दोष शिंप्यावर जातो.

लांबी गुडघ्याच्या खाली पाच ते सात सेंटिमीटर असू दे. खुर्चीत बसलं की कड चांगलीच वर जाते. आरशासमोर बसून बघितल्याशिवाय लांबी कायम करू नका. आत मांडीच्या मध्यापर्यंत येणारी घट्ट शॉर्ट्स घाला. मांड्या एकमेकींना घासून चटका बसतो, हे पॅन्टमध्ये कधी कळत नाही आणि स्कर्टमध्ये अर्ध्या तासात कळतं. बसताना मागचं कापड एका हाताने खाली सारून बसायचं, गाडीत आधी बसून मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, जिना चढताना पुढची बाजू बोटभर उचलायची. आठवडाभरात हात आपोआप जातो.

आता टाचा. इथे चूक झाली तर घोटा मुरगळतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फोड करंगळीला आला, यावरूनच कळतं की नडली ती रुंदी. बायकांच्या बुटांचा साचा त्याच लांबीला पुरुषांच्या साच्यापेक्षा अरुंद असतो. उंच टाचेच्या उतारावर पाऊल पुढे घसरतं आणि निमुळत्या टोकात बोटं दाबली जातात. नंबरही फसवा असतो: अमेरिकी पद्धतीत बायकांचा नंबर पुरुषांच्या नंबरापेक्षा साधारण दीड ते दोनने मोठा येतो, युरोपी पद्धतीत पट्टी एकच, पण रुंदीचा प्रश्न तसाच राहतो. तेव्हा नंबर विसरा आणि मिलिमीटरमध्ये मोजा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभर उभं राहून पाऊल किंचित फुगतं. कागदावर पूर्ण वजन देऊन उभे राहा, दोन्ही पावलं आखून घ्या, मोठं असेल ते धरा. चवड्याच्या रुंद भागाभोवती टेप फिरवून तो घेरही लिहून ठेवा. मग रुंद साच्याचे बूट शोधा.

९ सेंटिमीटर ही सुरुवात नव्हे. ४ सेंटिमीटरपासून सुरू करा. लॅटिन नृत्यासाठी पुरुषांचे बूट याच उंचीच्या, रुंद आणि किंचित आत झुकलेल्या टाचेचे मिळतात, पुरुषाच्या पावलाच्याच साच्यावर. नंतर उंची वाढवाल तेव्हा बुटाच्या पुढच्या तळव्याची जाडी वजा करून बघायची: १० ची टाच आणि पुढे ३ चा तळवा म्हणजे पायाला उतार ७ चाच. पण जाड तळव्याखाली जमीन जाणवत नाही, खड्डा कळायच्या आत पाय वळतो. टाचेचा खालचा तळ निदान तीन-चार सेंटिमीटर रुंद हवा आणि घोट्याला पट्टा हवा. विकत घेण्याआधी बूट टेबलावर ठेवून मागून दाबा, डुगडुगला तर सोडून द्या. मग हातात धरून वाकवा: तो चवड्याखाली वाकला पाहिजे, मधल्या कमानीखाली वाकता कामा नये. तिथे आत कडक पट्टी असते आणि तुमचं सगळं वजन तीच पेलते.

पहिला आठवडा रोज पंधरा मिनिटं, घरात, टणक फरशीवर. गालिच्यावर टाच रुतते, म्हणून तो नको. पाऊल नेहमीपेक्षा आखूड, आधी टाच मग चवडा, नजर समोर. तुमचे गुडघे चालताना वाकलेले राहत असतील, तर उंची तुमच्या पोटऱ्यांना झेपत नाही असं समजा आणि खाली या. दुसऱ्या आठवड्यात जिना घ्या. उतरताना कठडा धरून, पाऊल किंचित तिरपं ठेवून. रोज काढल्यावर भिंतीला हात टेकून पोटरी ताणा, प्रत्येक पाय तीस सेकंद, तीनदा. रोज तासन् तास उंच टाच घातली आणि ताण दिला नाही, तर पोटरी आखडते आणि मग सपाट बुटांतही दुखते.

पाऊल पुढे घसरत असेल तर मऊ गादी चवड्याच्या लगेच मागे चिकटवा. थेट चवड्याखाली लावली की दाब उलट वाढतो. ही चूक फार जण करतात. बुटाचा नवा गुळगुळीत तळवा सँडपेपरने खरवडा. टाचेखालचं रबर झिजून आतला खिळा दिसू लागला की त्याच दिवशी बदला, ओल्या फरशीवर तो खिळाच घसरवतो. बोटं बधिर झाली, तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मध्ये जळजळ झाली तर बूट काढायचे, सवय होईल म्हणून सोसायचं नाही. मधुमेहामुळे पावलांची जाणीव कमी झाली असेल किंवा घोटा वारंवार मुरगळत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

तुमच्या बायकोचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला उत्तर मिळायला हवं. माणूस काय घालतो, त्याला कुणाची ओढ वाटते आणि तो मनातून स्वतःला कोण समजतो, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी-तिसरी ठरत नाही. तरीही मी तुमच्या वतीने "याचा काहीच अर्थ नाही" असं सांगणार नाही, कारण ते फक्त तुम्हाला ठाऊक असणार. जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच तिला सांगा: हे कपडे मला का आवडतात, आपल्या नात्याबद्दल मला काय वाटतं, आणि कशाचं उत्तर अजून माझ्याकडेच नाही. खोटी खात्री देऊ नका, ती पुढे महागात पडते. पुरुष म्हणून ओळखलं जाण्याचाच त्रास होतो असं कधी जाणवत असेल, तर लिंगओळखीच्या प्रश्नांचा अनुभव असलेल्या समुपदेशकाशी बोला. तुम्हाला "बरं करण्याचं" आश्वासन देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.

तिलाही विचारा, आणि तुकड्यातुकड्यांत विचारा. घरात चालतं का? मित्रांसमोर? नातेवाइकांसमोर? तिची उत्तरं वेगवेगळी असू शकतात आणि शेवटच्या "नको"मुळे पहिला "हो" खोटा ठरत नाही. आणखी एक, जे तुमच्या पत्रात कुठेच नाही. नऊ वर्षं हे गुपित तिनेही सांभाळलं आहे. तुम्ही भावाशी बोललात. ती कुणाशी बोलली? तिच्या विश्वासातल्या एका माणसाला सांगायची मोकळीक तिला द्या.

भावाचं म्हणणं इतिहासात टिकत नाही. उंच टाच इराणी घोडेस्वारांची. रिकिबीत पाय घट्ट राहावा आणि उभं राहून बाण सोडता यावा म्हणून ती होती. सतराव्या शतकात युरोपातले सरदार ती घालू लागले, फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारात लाल टाच ही पुरुषांच्या मानाची खूण होती, आणि पुरुषांनी टाचा सोडल्या त्या अठराव्या शतकात. उलट पॅरिसमध्ये १८०० साली बायकांना पॅन्ट घालायला पोलिसांची परवानगी लागेल असा हुकूम निघाला. तो रद्दबातल असल्याचं सरकारने औपचारिकपणे सांगितलं २०१३ मध्ये. हे तुमच्या स्वतःच्या मनाच्या स्थैर्यासाठी माहीत असू द्या. भावाला ऐकवून तो गप्प बसेल, पण पटेल असं नाही. त्याला एवढंच म्हणा, "मी तुझ्या परवानगीसाठी सांगितलं नव्हतं, तुला बाहेरून कळू नये म्हणून सांगितलं." आणि विषय तिथे सोडा.

ऑफिसचं तुम्ही विचारलेलं नाही. कधी वेळ आलीच तर पोशाखाचा लेखी नियम आधी वाचा. २०१३ मध्ये स्टॉकहोमजवळचे रेल्वेचालक आणि २०१७ मध्ये फ्रान्समधल्या नान्त शहराचे बसचालक उन्हाळ्यात स्कर्ट घालून कामावर आले, कारण नियमांत शॉर्ट्सला बंदी होती, स्कर्टला नव्हती.

बाहेर जाताना एका वेळी एकच नवी गोष्ट. स्कर्ट असेल त्या दिवशी सपाट बूट, टाच असेल त्या दिवशी पॅन्ट. दिवसाउजेडी, सोबत कुणी असू दे, परतीची सोय ठरलेली. कुणी काही बोललं तर उत्तराच्या भानगडीत न पडता चालत राहा. पाठलाग होतोय असं वाटलं तर गर्दीच्या दुकानात शिरा. असं आठ-दहा वेळा झालं की मग दोन्ही एकत्र.

९ सेंटिमीटरचे बूट परत करता येत असतील तर परत करा. टाच कापून कमी करायचा विचार मनात आला असेल तर सांगते, एखाद्या सेंटिमीटरपलीकडे ते जमत नाही. आतल्या पट्टीचा बाक मूळ उंचीसाठी दिलेला असतो, टाच कमी केली की बुटाचं टोक वर उचललं जातं आणि माणूस मागे कलतो.

रिसेप्शनला स्कर्ट तेव्हाच, जेव्हा बायको हो म्हणेल आणि मेहुणीला तुम्ही स्वतः आधी विचारलेलं असेल. मेहुणी नको म्हणाली तर तिचा तो अधिकार आहे. पॅन्टखाली ४ सेंटिमीटरची टाच मात्र खुशाल घाला. फक्त पॅन्टची लांबी त्याच बुटांवर उभं राहून मापून घ्या, नाहीतर घोटा उघडा पडेल.